सम सोडून

शांतवन रणभिसे दुकानात येतो तेव्हा
आधी त्याचा अ‍ॅम्प्लिफायर येतो रिक्षावाल्याच्या खांद्यावर,
मग काठी, मग तो.
तपकीर गल्लीत तेवढ्यापुरती वाहतूक थांबते.
"काय होतंय?"
"घोरतोय," तो म्हणतो. "माझ्यासारखा."

चाळीस वर्षं मी ह्याच पेटीची डागडुजी करतो.
ट्रान्सफॉर्मर दोनदा बदलला, स्पीकरचा कागद चारदा.
एकदा आत झुरळांचं आख्खं कुटुंब निघालं,
तर म्हणाला, राहू दे, तेवढेच श्रोते.

बाप खडकीच्या दारूगोळा कारखान्यात,
लग्नसराईत नाना पेठेतल्या बँडात युफोनियम.
पोराला त्याने एवढंच शिकवलं:
सम म्हणजे उंबरा. कुठेही उंडार,
पाय तिथे पडला पाहिजे.

मग एक्याऐंशी साली ओटिएनो नावाचा नैरोबीचा पोरगा
वाडिया कॉलेजात नापास होऊन घरी निघाला,
आणि शांतवनच्या आईकडच्या नऊ डब्यांच्या उधारीपोटी
एक कॅसेट ठेवून गेला.
आईला वाटलं, बुडालो.
ह्याला वाटलं, टेप बिघडलाय.
पहिली मात्रा येतच नव्हती.
ड्रमवाला समेवर हात वर धरून गप्प,
आणि त्या रिकाम्या जागेत खर्ज असा यायचा
जसा भोंगा झाल्यावर बाप यायचा,
सावकाश, रिकामा डबा हलवत.

महिनाभर ती जागा शोधत हिंडला,
होळकर पुलावरून सायकलवर,
एक पायडल मारायचं, एक सोडायचं.
दोनदा पडला.

बँड काढला, नाव ठेवलं ‘नऊ डबे’.
लोक जेवणाची ऑर्डर द्यायला यायचे.
एका गणपतीत तिसऱ्याच गाण्याला
मंडळाच्या अध्यक्षाने माईक बंद केला:
"भाऊ, ठेका चुकतोय तुमचा. पब्लिकने टाळी कुठे द्यायची?"
"मधे," शांतवन म्हणाला.
हा किस्सा तो अजून सांगतो.
दर वेळी अध्यक्ष जरा जाड होतो.

एकच कॅसेट निघाली. मराठीत, सात गाणी,
एक भोंग्यावर, एक ओटिएनोवर,
एक रेशनच्या रॉकेलच्या रांगेवर (सगळ्यात लांब हेच).
पाचशे काढल्या, तीनशे दहा उरल्या.
पलंगाखालच्या त्या खोक्यांना सुवार्ताबाई
मरेपर्यंत ‘तुझी पेन्शन’ म्हणत होत्या.
ड्रमवाला मस्कतला गेला, कीबोर्डवाला देवाकडे.
दोन्ही तो एकाच सुरात सांगतो.

तेहेतीस वर्षं त्याच कारखान्यात पहिली पाळी.
आता कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत
महिन्यातून एक शनिवार.
तिथली पोरं विचारतात, अंकल, तुमच्या जटा कुठायत?
तो टोपी काढून टक्कल दाखवतो.
"कारखान्यात चालत नव्हत्या. नंतर डोकं चालेना."

कंडेन्सर सुकला होता, बदलला.
वायर जोडून दिली.
त्याने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं,
पेटीवर गाल टेकला, गिटार मांडीवर,
आणि सर्वांत जाड तार एकदाच छेडली.
फळीवरचे रेझिस्टरचे डबे हलले.
समोरचा ट्यूबलाइटवाला
माल सांभाळायला उठून उभा राहिला.
मग दुसरा स्वर, अपेक्षेच्या जरा मागून,
जिना उतरताना एक पायरी नसावी
आणि तरी पडू नये, तसा.
मी हातातला स्क्रूड्रायव्हर काउंटरवर
ठोकायला गेलो, सवयीने, समेवर.
तिथे कोणीच नव्हतं.

"बोलतोय," गाल न उचलता तो म्हणाला.

बिल तीनशे ऐंशी. त्याने पिशवीत हात घातला
आणि एक कॅसेट काढून ठेवली.
माझ्याकडे आता अशा एकवीस झाल्या,
वाजवायला अख्ख्या गल्लीत टेप नाही.
"शनिवारी ये," रिक्षात बसता बसता ओरडला.
"किती वाजता?"
"आठ लिहिलंय बोर्डावर.
आठला येऊ नकोस."